दात पडला तो भाग

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र. एक प्राध्यापक, एक दातांचा डॉक्टर आणि मी. सिडकोतल्या माझ्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत खिडकीला गोधड्या लावून आम्ही रविवारी दुपारी पॉडकास्ट करायचो. विषय ठरलेला: वर्षानुवर्षं घरात पडून असलेली, वाचायची राहून गेलेली पुस्तकं. ऐकणारे थोडेच होते, पण प्राध्यापक त्यांच्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

त्या रविवारी पाळी डॉक्टरची होती. पण पुस्तक प्राध्यापकानंच निवडलं होतं. डॉक्टरनं दवाखाना उघडला तेव्हा यानंच त्याला ते भेट दिलं होतं, आणि डॉक्टरनं ते कधी उघडलं नव्हतं. दोन भावांच्या शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणाची कादंबरी होती ती.

"सांग की, का नाय वाचलंस?" प्राध्यापकानं माईकसमोर विचारलं.

"राहून गेलं," डॉक्टर म्हणाला.

"अरे, पहिल्याच प्रकरणात खून आहे. इतका सुंदर खून मराठीत वाचला नाही मी. थांब, वाचूनच दाखवतो."

त्यानं वाचायला सुरुवात केली. त्याचा आवाज चांगला आहे आणि ते त्याला माहीत आहे. कुऱ्हाड वर गेली तिथं तो मुद्दाम थांबला.

"बंद कर," डॉक्टर म्हणाला.

प्राध्यापकाला वाटलं, भाग रंगतोय. त्यानं मला डोळ्यानं खूण केली आणि पुढचं वाक्य, आवाज न होता घाव बसला ते, आणखी सावकाश वाचलं.

डॉक्टर उठला आणि त्यानं प्राध्यापकाच्या तोंडावर मूठ मारली. खुर्चीसकट तो मागं पडला, माईक भिंतीवर आपटला. डॉक्टर त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. त्याच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता, नुसता श्वास. मी मागून त्याच्या काखेत हात घातले तर त्याचं कोपर माझ्या डोळ्यावर बसलं. शेवटी मी त्याच्या पाठीवर सगळं अंग टाकलं तेव्हा कुठं तो थांबला. प्राध्यापकाचा वरचा ओठ फाटला होता, शर्ट लाल झाला होता. समोरचा अर्धा दात फरशीवर होता.

डॉक्टरनं तो दात उचलून रुमालात घेतला. "गाडी काढ," तो मला म्हणाला. "दवाखान्यात चल. टाके लागतील."

"तुझ्याकडं? मी नाय येत," प्राध्यापक कसाबसा बोलला. पण रक्त थांबेना, आणि रविवारी दुपारी दुसरा कुठला दवाखाना उघडा असणार. गारखेड्यातल्या दवाखान्यापर्यंत तो ओठावर नॅपकिन दाबून मागच्या सीटवर बसला होता आणि डॉक्टर माझ्या शेजारी.

दवाखान्यात डॉक्टरनं हात धुतले, हातमोजे घातले, भूल दिली. मघाशी त्याच हातांनी त्यानं मारलं होतं. आता टाके घालताना ते जरासुद्धा हलत नव्हते. आणि काम करता करता तो बोलायला लागला. प्राध्यापकाचं तोंड उघडं आणि बधिर, त्यामुळं त्याला फक्त ऐकता येत होतं.

डॉक्टरचे वडील शेतात अपघातानं गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. अपघात नव्हता तो. देवगाव रंगारीच्या शिवारात, बांधावर, सख्ख्या चुलत्यानं त्यांना कुऱ्हाडीनं मारलं. हा तेव्हा आठवीत होता, डबा घेऊन निघाला होता. ओरडा ऐकून पळत गेला तर वडील ढेकळांत पडलेले, आणि आई चुलत्याचा पाय धरून फरफटत होती. चुलत्यानं त्याच्या देखत आणखी दोन घाव घातले.

"तुझ्या पुस्तकात म्हणं आवाज होत नाही," डॉक्टर म्हणाला. "होतो. ओलं लाकूड फोडल्यासारखा. आणि माणूस लगेच मरत नाय. माझ्याकडं बघत होते ते."

चुलता जन्मठेप भोगून गावात परत आला. मग दोन वर्षांपूर्वी तो याच खुर्चीत येऊन बसला. कवळी बसवायची होती. शहरातला दुसरा दातांचा डॉक्टर त्याला ठाऊक नव्हता, म्हणाला.

"तोंड उघडलं त्यानं. माझ्या हातात ड्रिल चालू. टाळूतून वर घालायला किती वेळ लागतो सांगू? मी जागासुद्धा बघून ठेवली. मग बाहेरच्या पेशंटनं बेल वाजवली." त्यानं टाका कापला. "कवळी बसवली मी त्याला. चांगली बसली."

प्राध्यापकाच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. भुलीमुळं की कशामुळं, मी विचारलं नाही.

ओठ भरायला वेळ लागला. तुटलेल्या दातावर डॉक्टरनंच कॅप बसवली. कॉलेजात प्राध्यापकानं जिन्यावरून पडलो असं सांगितलं. महिनाभर आम्ही भेटलो नाही. मग डॉक्टरचाच फोन आला, की पुस्तक वाचून झालं, आता माईक लाव. या वेळी तो सलग बोलला, सगळं. प्राध्यापक समोर बसून होता. तो भाग आम्ही काटछाट न करता टाकला.

डॉक्टरच्या आईनं तो नातीच्या फोनवर ऐकला. तिनं पूर्ण ऐकला, फोन परत दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना लेकाला म्हणाली, "तू उशिरा आलास. पहिला घाव तुझ्या बापानं घातला व्हता. चुलत्याच्या खांद्यावर अजून खूण आहे, बघ."

हे आम्हाला सांगताना डॉक्टरचा चेहरा अगदी कोरा होता. "इतकी वर्षं का नाय सांगितलं, असं विचारलंस का?" मी म्हणालो.

"विचारलं. म्हणाली, तू चुलत्याला मारशील याचं भ्या होतंच. खरं कळून बापाचाही राग धरलास तर तो कुणावर काढशील, कळत नव्हतं."

गेल्या रविवारी आम्ही काहीच रेकॉर्ड केलं नाही. डॉक्टर गाडी घेऊन एकटाच गावाकडं, चुलत्याला भेटायला निघाला. प्राध्यापक म्हणाला, मी येतो. डॉक्टरनं शेजारच्या सीटचं दार आतून उघडलं.