क्रिस्टल म्हणजे काच नव्हे

दुसरं क्रिस्टल गेलं ते डोंबिवलीच्या गणपतीच्या मांडवात, सनईची रेकॉर्ड चालू असताना. आधी सनई लांबून आल्यासारखी वाटू लागली. मग ती पातळ झाली. शेवटी कर्ण्यातून नुसती खरखर उरली. मंडळाचे सेक्रेटरी कर्णिक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"दामले, काल एक गेलं, आज दुसरं. उद्या काय वाजवणार, थाळी?"

"मॅग्नेटिक लावतो. ते बंद पडत नाही."

"आणि शनिवारी?"

मी हेड बदललं आणि सनई पुन्हा सुरू केली.

त्या वेळी मी ठाण्यात एका रेडिओ-लाउडस्पीकरच्या दुकानात नोकरीला होतो आणि राहायला डोंबिवलीत. दुकानाचे मालक जेठाशेठ. रेडिओ दुरुस्तीला दोन कारागीर होते. लाउडस्पीकरचा विभाग म्हणजे मी, दोन ॲम्प्लिफायर, सहा कर्णे आणि एक जुनं टर्नटेबल. हे टर्नटेबल शेठनी एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरकडून घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, लोखंडी, एका माणसाला उचलवत नसे. पण फिरायचं इतकं सारखं की गाण्याचा सूर कधी हलत नसे. त्याची आणखी एक सोय होती. सुई बसते ते पुढचं हेड खेचून काढता येई आणि दुसरं खोचता येई. त्यामुळे रेकॉर्ड पाहून हेड निवडायचं हे माझं रोजचं काम होतं.

हेड म्हणजे काय ते सांगतो. रेकॉर्डवरच्या बारीक रेषेतून सुई थरथरत जाते. त्या थरथरीची वीज करतं ते हेड, आणि ती वीज मोठी करतो तो ॲम्प्लिफायर. आमच्याकडे हेडचे दोन प्रकार होते. एक मॅग्नेटिक. त्यात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. दणकट, पण जड. दुसरं क्रिस्टल. त्यात एक चपटा पारदर्शक तुकडा असतो, तो दाबला की वीज देतो. हलकं, आवाज गोड, रेकॉर्डही कमी झिजते. मंडळाच्या रोजच्या रेकॉर्डी आधीच झिजलेल्या, त्यांना मॅग्नेटिक चाले. शनिवारच्या रेकॉर्डींना ते चालणार नव्हतं.

शनिवारी जुन्या नाट्यपदांचा कार्यक्रम होता. रेकॉर्डी गावातल्या पाटलांच्या. पाटील आगरी, पिढ्यान्‌पिढ्या इथले. दिवा बाजूला त्यांची मिठागरं आणि जमिनी. नाटकाचा नाद वडिलांपासूनचा, आणि रेकॉर्डी दोन पेट्या भरून. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंत्राटदाराने जड हेड लावून त्यातल्या चार रेकॉर्डी पांढऱ्या करून ठेवल्या होत्या. रेषा झिजली की काळी रेकॉर्ड पांढरट दिसते आणि पुन्हा तशी कधीच वाजत नाही. त्यामुळे यंदा पाटलांनी मला आधीच बजावलं होतं.

"ह्ये बघ रेडिओवाल्या, तुजा तो लोकंडी हेड माजे रेकॉर्डीवर चरला, त मी पेटी उचलून घरा जाईन. गनपतीसमोर जाईन."

थोडक्यात, शनिवारी क्रिस्टल पाहिजे होतं. माझ्याकडे चालू असं एकच उरलं होतं, तेही कोरं. ते कार्यक्रमाचे तीन तास टिकेल याची खात्री नव्हती. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे माल नव्हता. परदेशातून येईल तेव्हा येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. शेठनी गेलेली दोन्ही हेडं काउंटरवर ठेवली.

"दामले, मी हिशेब केला. गणपतीत कमावतो ते हे क्रिस्टल खाते. शनिवार नीट झाला तर ठीक. नाहीतर दिवाळीआधी कर्णे विकून टाकतो. रेडिओ रिपेअर चांगलाय. आवाज नाय, भांडण नाय."

"आणि मी?"

"तू रेडिओ शिक ना."

मी तेव्हा चाळिशीत होतो. रेडिओच्या टेबलावर दोघे आधीच बसलेले, दोघेही माझ्याहून हुशार. तिसऱ्याला काम नव्हतं हे शेठना माहीत होतं आणि मलाही.

मी दोन्ही हेडं घेऊन बसलो आणि आधी ती कशी गेली ते आठवलं. दुसरं मांडवात हळूहळू मावळत गेलं होतं. पहिलं तसं गेलं नव्हतं. ते आदल्या दिवशी ठणठणीत होतं. आरतीपुरतं मी मॅग्नेटिक लावलं, आणि क्रिस्टल ॲम्प्लिफायरच्या झाकणावर ठेवलं. तासाभराने पुन्हा लावलं तर मुकं.

झाकणावर ठेवायची आमच्या धंद्यातली रीतच होती. आत व्हॉल्व्ह दिव्यांसारखे तापतात, झाकण गरम राहतं, तेव्हा पावसाळ्यात सुटं हेड त्यावर ठेवायचं म्हणजे दमट होत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळे लाउडस्पीकरवाले हेच करत. क्रिस्टल म्हणजे काच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. काचेला उबेने काय होणार?

पहिलं हेड मी ब्लेडने उघडलं. आतला तुकडा काचेसारखा नव्हता. दुधाळ झाला होता, कडेने ओघळून पुन्हा थिजल्यासारखा. काच एवढ्याशा उबेने ओघळत नाही. बोटाला लागलेला कण मी जिभेवर ठेवला.

शेठ बघत होते. "आता खाऊन टाकतो की काय?"

"खारट आहे, शेठ."

"काय खारट?"

"क्रिस्टल. हे मीठ आहे. आपल्या जेवणातलं नव्हे, पण मीठच."

शेठनी चष्मा वर केला. "मीठ? मग व्यापाऱ्याने चाळीस रुपये कशाचे घेतले?"

मी शेजारच्या खणातून आणखी एक हेड काढलं. ते मागे उंचावरून पडून फुटलं होतं, त्यातला तुकडा तडकलेला पण स्वच्छ होता. त्याचे तीन भाग केले. एक ॲम्प्लिफायर चालू करून झाकणावर ठेवला. दुसरा बशीत घालून संध्याकाळी मांडवात ठेवला. तिसरा घरी नेला आणि स्वयंपाकघरात गेलो.

आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत भाजलेले तांदूळ घालतात, म्हणजे मीठ पाझरत नाही. घरोघरी हेच करतात. मी एका रिकाम्या डब्यात भाजलेले तांदूळ घातले, वर कापडाची घडी आणि त्यावर तो तुकडा.

"हे काय आता?" बायकोने विचारलं.

"दुकानाचं मीठ आहे."

"दुकानाचं मीठ माझ्या तांदळात कशाला? आणि पंक्तीत वाढू नका म्हणजे झालं."

झाकणावरच्या तुकड्याला फार वेळ लागला नव्हता. तासाभरात त्याला घाम फुटला, मग तो स्वतःच्याच पाण्यात बसला. मांडवातला दुसऱ्या दिवशी बोटाला चिकटू लागला. डब्यातला तुकडा ठेवला तसा होता.

म्हणजे क्रिस्टलला दोन शत्रू होते. एक ओल, ती आम्हाला माहीत होती. दुसरी उष्णता, ती आम्ही औषध म्हणून देत होतो. ओलीने हेड हळूहळू मंद होतं, झाकणावर ते एकदम मरतं. यातून मला एक आशा वाटली. जे मंद झालंय ते वितळलं नसेल तर वाळवून परत येईल. गरम करून नव्हे, नुसतं कोरडं ठेवून.

मांडवात मावळलेलं ते दुसरं हेड न उघडता डब्यात ठेवलं. मग शेठच्या खणात मागच्या पावसाळ्यातली फेकायला काढलेली पाच हेडं होती, तीही घेतली.

"कचरा कशाला नेतो?" शेठ म्हणाले.

"शनिवारपर्यंत द्या. नंतर फेकू."

शुक्रवारी मांडवात मी एकेक हेड टर्नटेबलवर लावून पाहिलं. खणातली तीन मुकीच राहिली. एक कुजबुजलं. एक स्वच्छ वाजलं. आणि मांडवातलं ते दुसरं, ज्यावर कर्णिकांनी थाळीचा टोमणा मारला होता, ते कोऱ्या हेडच्या तोडीस तोड वाजलं. मी तीच सनई दोनदा लावली. त्या दिवशी मांडवात आलेले शेठ खुर्चीवरून उठून टेबलाशी आले. मॅग्नेटिकच्या शेजारी ठेवलेलं कुजबुजणारं हेड उचलून त्यांनी स्वतः डब्यात परत ठेवलं.

आता चालणारी क्रिस्टलं तीन झाली. तीन तास एकावर ताण द्यायची गरज नव्हती. दमट हवेत एक हेड सहा-सात रेकॉर्डी चालवायचं, मंद व्हायच्या आत काढून डब्यात ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. पाळी फिरत राहिली की प्रत्येकाला विश्रांती मिळते. आरती आणि घोषणांच्या मधल्या गाण्यांना मॅग्नेटिक.

राहिले पाटील. शनिवारी दुपारी ते पेट्या घेऊन मांडवात आले आणि पेटी न उघडता तिच्यावरच बसले.

"हलका हाय म्हंतंस. किती हलका? हातानं नको दाखवूस."

ही मागणी मला आवडली. मांडवाला लागूनच सोनाराचं दुकान होतं. मी त्यांचा हातात धरायचा काटा मागितला. सोनार स्वतःच आले, दुसऱ्याच्या हातात ते काटा देत नसत. आम्ही एका पारड्याच्या दोऱ्याने टर्नटेबलचं हेड उचलून धरलं, आणि ते रेकॉर्डवरून नुसतं सुटेपर्यंत दुसऱ्या पारड्यात वजनं घातली. मॅग्नेटिकला नऊ तोळ्यांहून जास्त लागली. क्रिस्टलला साडेतीन.

सोनार म्हणाले, "पाटील, नऊ तोळ्यांचा हार सुनेच्या गळ्यात बघितलाय. सुईवर नाही."

पाटलांनी काट्याकडे नीट पाहिलं. तोळे त्यांना समजत होते. "साडेतीन चालंल. पन ह्याच्यात हाय काय?"

"मीठ," मी म्हणालो.

पाटील मग मांडवभर ऐकू जाईल असे हसले. "माजा आख्खा जनम मिठागरान गेला. मिठानं गाना वाजतं ह्या आज पयल्यांदा आयकला." आणि पेटीवरून उठले.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बारीक पाऊस लागला होता. मांडव भरला होता, माणसं रस्त्यापर्यंत उभी. पहिल्या रांगेत पाटील, त्यांच्याशेजारी कर्णिक, आणि ठाण्याहून आलेले जेठाशेठ. मी कोरं हेड लावलं. पहिलं पद इतकं स्वच्छ आलं की तबल्याच्या बोटांचा आवाज मागच्यांपर्यंत गेला. सहा रेकॉर्डी झाल्यावर आवाजात काही फरक नव्हता, तरी मी हेड बदललं.

खरी कसोटी दुसऱ्या हेडवर आली. वाऱ्याने पावसाची झड टेबलापर्यंत आली. मी रेकॉर्डवर छत्री धरली. गायिकेचा वरचा स्वर थोडा बोथट झाला. पाटलांचा हात मांडीवर ठेका धरत होता, तो थांबला. कर्णिकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ही बाजू संपायला अजून मिनिटभर होतं. मध्येच सुई उचलली तर रेकॉर्डला धोका, म्हणून मी वाट पाहिली. बाजू संपली. हेड खेचलं, डब्यात ठेवलं, खणातून वाचवलेलं तिसरं खोचलं, नवी सुई घातली आणि रेकॉर्ड उलटली.

तोच आवाज पुन्हा भरून आला. पाटलांचा ठेका सुरू झाला. कर्णिक पुन्हा समोर बघू लागले.

तिन्ही हेडं आलटून पालटून शेवटपर्यंत चालली. एकही रेकॉर्ड मध्ये थांबली नाही. शेवटचं पद झाल्यावर पाटील टेबलाशी आले. दोन रेकॉर्डी त्यांनी दिव्याखाली धरून तिरक्या करून पाहिल्या. काळ्याच होत्या.

"थांब," ते म्हणाले, आणि मुलाला घरी पिटाळलं. तो कापडात गुंडाळलेली एक रेकॉर्ड घेऊन आला. ती पेटीत नव्हती, कारण ती कोणाच्याच मशीनवर लावायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. वडिलांनी घेतलेली पहिली रेकॉर्ड. "ह्या लाव. मीठ ताजा असंल तो."

मी कोरं हेड डब्यातून काढलं. उठून निघालेली माणसं परत बसली. ती बाजू संपली तेव्हा पाटलांनी कापड पसरलं. रेकॉर्ड स्वतः गुंडाळली आणि म्हणाले, "फुरले वर्षाला बी हाच मानूस पायजे." हे ते कर्णिकांना सांगत होते.

कर्णिक मला म्हणाले, "दामले, पुढच्या वर्षीचं आताच धरा. आणि सगळे दिवस क्रिस्टल."

"सगळे दिवस नाही. आरतीला मॅग्नेटिक."

"बरं, तुम्ही म्हणाल तसं." हे वाक्य कर्णिकांच्या तोंडून मी त्यानंतर पुन्हा ऐकलं नाही.

जेठाशेठनी कर्णे विकले नाहीत. पुढच्या वर्षी कल्याणची दोन मंडळं आली आणि आणखी एक ॲम्प्लिफायर घ्यावा लागला. मला शेठनी बाजूला घेऊन सांगितलं, "हे मिठाचं कोणाला बोलायचं नाय हां. बाकीच्यांना ठेवू दे झाकणावर." मी कोणाला आपणहून सांगितलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं. विचारणारे दोघेच निघाले.

वस्तू बिघडली की ती कशाने बिघडली हे सगळे विचारतात. ती कशाची केलेली आहे हे फारसं कोणी विचारत नाही. एवढ्या एका प्रश्नावर माझा विभाग पुढे बरीच वर्षं चालला.