शोभाताईंच्या घरचं पाणी

शोभाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, निखिलने केला. न्यूमोनिया झाला, मग श्वास पुरला नाही, एवढंच त्याने सांगितलं. लगेच पुढे म्हणाला, "काका, अदिती ठीक आहे." बातमी आईच्या मृत्यूची होती, पण त्या घरातली कोणतीही बातमी बहिणीबद्दलच्या या वाक्याशिवाय पूर्ण होत नसे.

शोभाताई मूळच्या गोंदियाच्या. नवऱ्याच्या बदलीमुळे जयपूरला आल्या आणि रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी झाल्या. त्यांचे सांधे लहानपणापासून दुखत. माहेरी त्याला वात म्हणत, सासरी नाजूकपणा. पुढे लहानगी अदिती हाडांच्या दुखण्याने कळवळू लागली, तेव्हा इथल्या एका तरुण डॉक्टरने आधी मूळ गाव विचारलं. तो दक्षिण राजस्थानातल्या बांसवाड्याकडचा, हा आजार त्याने आपल्या भागातल्या पाड्यांवर पाहिलेला होता. गोंदियाकडेही तो आढळतो, हे त्याला ठाऊक होतं. रक्त तपासलं. सिकलसेल. मुलीला होता, आईलाही होता आणि वडील वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नसून मुलांना तो देऊ शकणारे, निघाले. या आजारात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि दुखणं उसळतं. थंडीने, किंवा उन्हात अंगातलं पाणी आटल्याने. जयपुरात दोन्ही भरपूर.

तेव्हापासून त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी मोठा ग्लासभर कोमट पाणी मिळे. तो रिकामा झाल्याशिवाय चहा येत नसे. शोभाताईंकडे तहान घेऊन जावं, अशी कॉलनीत थट्टा चाले. एकदा मी ग्लास अर्धा ठेवला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पिऊन टाका ना भाऊजी, काहून ठेवलं? एकट्या अदितीला पाजलं तर तिला वाटते, आपणच बिमार आहो."

पुढे बातम्यांत जनुकोपचार आला. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, त्यांतलं जनुक दुरुस्त करायचं आणि त्या परत द्यायच्या. मी वर्तमानपत्रात कामाला, म्हणून त्या मला सारखं विचारत. डॉक्टरांनी सांगितलं की तो उपचार अजून आवाक्याबाहेर आहे. मात्र भावाची अस्थिमज्जा जुळली तर रोपण करता येईल. निखिल स्वतः वाहक, तरी त्याची मज्जा जुळली आणि चालणारी होती. रोपणात जीवाला धोका आहे, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. शेवटी शोभाताईंनी अदितीलाच विचारलं. ती म्हणाली, "मतलब, नंतर दुखणार नाही ना? मग करू."

रोपण झालं. ताप, जंतुसंसर्ग, काचेपलीकडची खोली... आणि मग हळूहळू रक्ताचे अहवाल बदलले. दुखणं परत आलं नाही. शोभाताईंचं वय आणि फुप्फुसं रोपणाला साथ देणारी नव्हती. त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

आमची शेवटची भेट याच हिवाळ्यातली. अदिती कॉलेजला निघाली होती. दोन घोट पाणी प्यायली, ग्लास खिडकीत ठेवला आणि स्वेटर न घालताच स्कूटी काढली. शाल लपेटून बसलेल्या शोभाताईंनी ग्लासाकडे बोट दाखवलं. "पाह्यलं भाऊजी? अर्धं ठेवून गेली." इतर आया मुलांचा निकाल सांगतात, तशा त्या सांगत होत्या.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे शोभाताईंच्या मृत्यूनंतरच्या स्मरणविधीच्या दिवशी निखिलने सगळ्यांना कोमट पाणी दिलं. मी माझा ग्लास संपवला. अदिती पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली होती. खिडकीत तिचा ग्लास अर्धाच होता. तिला कुणी परत बोलावलं नाही.