साडूंच्या भिंतीतली वायर

माझ्या साडूंइतका लपवालपवी करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्यालाही यांनीच कुठेतरी झाकून ठेवलेलं असेल. गैरसमज नको. लबाडीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. कडा गावाजवळ त्यांची शेती आहे, घर आहे, चार लोकांत मान आहे. लपवावं असं त्यांच्या आयुष्यात काही नाही, आणि तरीही ते सगळं लपवतात. ‘जे चालतं ते दिसू नये’ हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. दारावरच्या बेलचं बटण चौकटीवर असलं की चौकट वाईट दिसते म्हणून त्यांनी ते जाईच्या वेलाआड बसवलं. तेव्हापासून पाहुणे दार बडवतात, आणि बटण कुठे आहे हे फक्त मुंगळ्यांना माहीत आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर त्यांनी असा झाकला होता की एकदा लाईट आल्यावर आम्ही दोघं तो शोधत मळाभर फिरलो, आणि सापडला तेव्हा लाईट गेली होती. साडूंना त्याचं दुःख नव्हतं. “बघा, सापडला का लवकर?” असं त्यांनी मलाच विचारलं, आणि त्यात अभिमान होता.

वस्तूंचं एक वेळ सोडा, पण हा माणूस मनातलंही असंच झाकून ठेवतो. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि यांची बायको, मुतखड्यासाठी नगरला दवाखान्यात होती. साडू रोज एसटीनं जायचे, तिच्या कॉटशेजारी बसायचे, आणि काळजीनं आलो असं तिला वाटू नये म्हणून म्हणायचे, “ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला आलतो, म्हनलं वाटंत हाय तर डोकावावं.” घरी आल्यावर अक्कानं अंगणात पाऊल ठेवता ठेवता विचारलं, “आपल्यात ट्रॅक्टर कवा घेतला?” पुढे त्यांची मुलगी कबड्डीत राज्याच्या संघात निवडली गेली, तेव्हा यांनी गावभर पेढे वाटले. कुणी विचारलं पेढे कशाचे, तर म्हणायचे, “टीव्हीचे. नवा टीव्ही घेतोय.” आणि एकदा बोलून गेले म्हणून मग खरोखरच टीव्ही घ्यावा लागला. मुलीचा सामना टीव्हीवर दाखवणार होते, तो रविवारी दुपारी. त्याआधी टीव्ही भिंतीवर चढला पाहिजे, आणि त्याची एकही वायर दिसता कामा नये, असा साडूंचा हुकूम होता.

या कामाला मला बीडहून बोलावण्यात आलं. कारण एवढंच की माझ्याकडे ड्रिल मशीन आहे. त्या मशीननं मी आयुष्यात एक घड्याळ टांगलं आहे, पण सासरकडची माणसं तेव्हापासून मला इंजिनियर समजतात. मी शनिवारी संध्याकाळीच पोचलो आणि टीव्हीसाठी दाराशेजारची नवी, विटांची भिंत सुचवली. साडू म्हणाले, “न्हाई. ह्याच भिंतीवर.” ही भिंत म्हणजे त्यांच्या आणि अप्पांच्या घराच्या मधली जुनी, दगडमातीची, हातभर रुंद भिंत. अप्पा म्हणजे साडूंचे धाकटे भाऊ. वाटणी झाली तेव्हा एका घराची दोन घरं झाली आणि ही भिंत दोघांच्या वाट्याला अर्धी अर्धी आली. वाटणी गोडीगुलाबीनं झाली होती. बिनसलं ते पोळ्याला. वेशीतून आधी कुणाची बैलजोडी जायची यावरून दोघे भाऊ भर गावासमोर अडून बसले, आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं. पुढे दोघांनीही बैल विकले, पण अबोला तेवढा दावणीला राहिला. गंमत म्हणजे साडूंच्या मुलीला लहानपणी मैदानावर सायकलवरून नेलं ते याच अप्पांनी. ती अजूनही दोन्ही घरांत जेवते. तिच्याकरवी दोघे भाऊ एकमेकांची खबर घेतात, आणि घेतली नाही असं दाखवतात.

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. बेत साधा होता. टीव्हीच्या मागे एक भोक, खाली कपाटाच्या आत दुसरं भोक. वरून वायर सोडायची, खालून काढायची आणि कपाटात लपवलेल्या सेट-टॉप बॉक्सला जोडायची. साडूंनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवत वाजवत एका जागी कान लावला. “हितं पोकळ लागतंय. म्हंजे वायरला रस्ता हाय.” मला हे शास्त्र काही पटलं नाही, पण मशीन लावताच प्लास्टरचा टवका उडाला आणि ड्रिल आत असं शिरलं की मी मशीनसकट भिंतीला चिकटलो. मग वायर सोडली. चार हाताच्या कामाला साडूंनी भलीमोठी लांब वायर आणली होती. मी विचारलं, “साडूभाऊ, एवढी कशाला?” ते म्हणाले, “असू द्या. कमी पडाया नको.” वायर आत जाऊ लागली. जातच राहिली. खालच्या भोकाला डोळा लावून अक्का बसली होती. मी विचारायचो, “आली का?” ती म्हणायची, “न्हाई.” मी आणखी सोडायचो. एवढ्या वायरीत आमच्या गल्लीतल्या दोन घरांची वीज ओढून झाली असती. शेवटी टीव्हीला जोडण्यापुरतं टोक हातात उरलं आणि अक्का कपाटातून म्हणाली, “न्हाई आली बाई.”

मग आम्ही ती परत ओढायला गेलो. थोडी आली, आणि मग कुणीतरी ती आतून ओढली. मी साडूंकडे पाहिलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा जरा ओढली, आतून पुन्हा हिसका बसला. “घूस असंल,” साडू म्हणाले. वायर ओढून घेणारी घूस मी तोवर ऐकली नव्हती. सामना सुरू व्हायची वेळ झाली होती. दुसरी वायर नव्हती, दुकान बंद होतं, आणि अक्का पदरानं घाम पुसत म्हणत होती, “लेक तिकडं खेळंल आन् आमी हितं भिंत बघू. वायर दिसली असती तर काय इज्जत गेली असती का?” साडू बॉक्स दोन्ही हातांत धरून खोलीच्या मध्ये उभे राहिले. मला त्यांची फार कीव आली. नुसता पडदा तरी उजळलेला दिसावा म्हणून मी वायरीचं उरलेलं टोक टीव्हीला खोचलं आणि टीव्ही चालू केला.

टीव्हीवर कीर्तन लागलं.

चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. साडूंच्या हातात बॉक्स होता, त्याची पिनसुद्धा बोर्डात नव्हती, आणि समोर बुवा रंगात आले होते. अक्कानं आधी हात जोडले आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनियर असल्यासारखी मान हलवली, पण माझं डोकं पार चालेनासं झालं होतं. साडूंनी रिमोट दाबला, काही बदललं नाही. त्यांनी रिमोट मांडीवर आपटून पुन्हा दाबला. बुवा ढिम्म. मग त्यांनी रिमोट खाली ठेवला, आणि लगेच कीर्तन गेलं, बातम्या आल्या, बातम्या गेल्या, आणि पडद्यावर कबड्डीचं मैदान आलं. कुणीही बोट लावलेलं नव्हतं. आम्ही तिघंही उभ्याचे खाली बसलो.

मुलगी पहिल्या चढाईला गेली. तिकडच्या पोरींनी तिचा घोटा धरला, आणि एकदम भिंतीच्या आतून आवाज आला, “पाय काढ, पोरी! पाय काढ!” आवाज अप्पांचा होता. साडू भिंतीकडे वळले आणि त्या पोळ्यानंतर पहिल्यांदा भावाशी बोलले. म्हणाले, “ती काढंल! तू गप बे!” मुलीनं खरंच पाय काढला, रेषेला हात लावला, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच आरडाओरडा झाला. तो ओसरल्यावर पलीकडून अप्पांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “दादा, आवाज कमीजास्त करायचं तुमच्याकडं हाय का माझ्याकडं?”

झालं होतं ते असं. जुन्या घरांत जाड भिंतीच्या पोटात धान्य साठवायची पोकळी असते, तिला बळद म्हणतात. वरच्या तोंडातून ज्वारी ओतायची आणि खालच्या तोंडातून लागेल तशी काढायची. या बळदाचं वरचं तोंड साडूंच्या खोलीत होतं, ते वाटणीनंतर त्यांनी प्लास्टर करून बुजवलं. खालचं तोंड अप्पांकडे, त्यांच्या टीव्हीच्या स्टुलामागे. आमची सगळी वायर बळदातून सरळ अप्पांच्या खोलीत उतरली होती. अप्पांनी ती ओढून घेतली. त्यांचा जुना टीव्ही तीन रंगांच्या वायरींवर चालतो, म्हणून बॉक्समागचं नव्या वायरीचं भोक रिकामंच होतं, त्यात त्यांनी ती खोचली. त्यामुळे बॉक्स अप्पांचा आणि टीव्ही साडूंचा. अप्पा लावतील ते साडूंनी बघायचं.

दुसऱ्या दिवशी हे सहज दुरुस्त झालं असतं. पण साडूंनी आपला बॉक्स कपाटात झाकून ठेवला आणि गडी खुशाल अप्पा लावतील ते बघू लागला. यांना कीर्तनाचा कंटाळा, तरी रोज कीर्तन ऐकायचे. असह्य झालं की भिंतीवर टकटक करायचे, मग पलीकडून बातम्या लागायच्या. कधी अप्पा मुद्दाम लावायचे नाहीत, मग साडू भिंतीला तोंड लावून शिव्या द्यायचे आणि पलीकडून हसू यायचं. पण दारातून कुणी कुणाकडे गेलं नाही. बोलणं सगळं भिंतीतून. मी एकदा साडूंना सरळ विचारलं, “तुम्ही या घरात जन्मलात. इथं बळद आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? आणि एवढी लांब वायर कशाला आणली होती?” ते म्हणाले, “इसरलो असंल.” त्यांना खरंच विसर पडला होता की त्यांनी हेही आमच्यापासून झाकून ठेवलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. अक्कालाही नाही.

गेल्या दिवाळीनंतर अप्पा मुलाकडे पुण्याला गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग मुलानं ठेवून घेतलं. मी परवा गेलो तर साडू तिन्हीसांजेला टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही चालू होता आणि निळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होती. अक्का म्हणाली, रोज असंच लावून बसतात. मला राहवलं नाही. “साडूभाऊ, तुमचा बॉक्स कपाटात पडलाय. आत्ता जोडून देतो.”

“नको, पाव्हणं,” ते म्हणाले. “तो जोडायचा तर ही वायर वढून काढावी लागंल. उद्या अप्पा आला, स्टुलामागं हात घातला, तर ती त्याच्या हाताला लागाया नको का?”

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच काही न झाकता बोलला होता. मला भरून आलं, आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी टीव्हीकडे बघू लागलो. मग आम्ही दोघे साडू चहा येईपर्यंत ती फिरणारी पाटी बघत बसलो.