खरवडलेली काच

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हसून म्हणाला, "मॅडम, मागच्या काचेवरचं ते स्टिकर पण काढून टाकलंय. आधीच्या मालकाचं असेल ना."

मी वळून पाहिलं. गाडी धुऊन-पुसून चकचकीत उभी होती. मागच्या काचेवर 'जय भीम' नव्हतं. निळी अक्षरं होती तिथं डिंकाचे पांढरट डाग. आणि ब्लेडचा एक लांब ओरखडा.

"बरं दिसत नव्हतं हो," तो म्हणाला. "एवढी चांगली गाडी. आणि तुमच्याकडे बघून वाटलंच, हे तुमचं नसणार."

त्याला वाटलं, तो माझी स्तुती करतोय.

शेजारी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. कुणी फोनवर, कुणी कॉफी घेऊन. माझे कान तापले. मी टीम लीड आहे. मीटिंगमध्ये परदेशातल्या माणसांशी वाद घालते. त्या दिवशी नुसती उभी राहिले. त्यानं माझ्या गप्प राहण्याला होकार समजून पुढच्या माणसाला हाक मारली. मी गाडीत बसले आणि निघून आले.

सिग्नलला थांबले की वाटायचं, मागची गाडी ती जागा बघतेय.

माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. पुण्यात जात कुणी विचारत नाही. पुण्यात 'मूळचे कुठले?' विचारतात. मी 'खडकी' म्हणते. समोरचा थांबतो, मग हळूच म्हणतो, "नाही, म्हणजे त्याच्या आधी?" खडकीच्या आधी आमचं काय होतं ते पप्पांना विचारावं. गाव होतं. गावाबाहेरची वस्ती होती. आजोबा ते सोडून आले. पप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. क्वार्टर मिळाली. आम्ही भावंडं तिथंच शिकलो.

गाडी मी सेकंड हॅण्ड घेतली, जिथं सर्व्हिसिंगला देते त्याच शोरूममधून. आमच्या घरातली पहिली चारचाकी. भीमजयंतीला पप्पा स्टेशनवरून ते स्टिकर घेऊन आले. ओल्या फडक्यानं काच पुसली, सुकू दिली. अक्षरं वाकडी जाऊ नयेत म्हणून आईला लांब उभं करून विचारत राहिले, "सरळ आहे ना? बघ नीट." खाली हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून बसच्या पासानं दाबत दाबत बसवलं. आयुष्यभर कारखान्यात हात सांभाळून काम केलेला माणूस. तसंच लावलं.

त्या दिवशी परत येऊन गाडी बिल्डिंगखाली लावली तेव्हा पप्पा खालीच होते. सर्व्हिसिंगहून गाडी आली की ते एक फेरी मारतात, टायर बघतात. मागच्या बाजूला गेले आणि तिथंच थांबले. बोटानं ओरखडा चाचपला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला नको होतं तर सांगायचंस. मी नीट काढलं असतं. काच खराब झाली नसती."

मी म्हणाले, "पप्पा, मी नाही काढलं. त्यांनी काढलं. न विचारता."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना ते ओळखीचं होतं, हे मला दिसलं. गप्प बसणं. त्यांनी कारखान्यात किती वेळा गिळलं असेल, ते मला कधी सांगितलं नाही. मी गिळायला लागू नये म्हणून तर शिकवलं होतं. आणि मी एवढी शिकून, एसीत उभी राहून, तेच करून आले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला कळवलं, उशीर होईल. आणि परत सर्व्हिस सेंटरला गेले.

तोच अ‍ॅडव्हायझर काउंटरवर होता. "काही प्रॉब्लेम आला का, मॅडम?"

"काल तुम्ही जे स्टिकर खरवडलंत ते आधीच्या मालकाचं नव्हतं. माझं होतं."

त्याचं हसू गेलं. "मॅडम, जरा हळू. कस्टमर आहेत."

"मी पण कस्टमर आहे."

मॅनेजर बाहेर आला. पांढराशुभ्र शर्ट, मऊ आवाज. "या ना, केबिनमध्ये बसून बोलू. कॉफी घेणार?"

"इथंच बोला."

"काहीतरी गैरसमज झालाय. आमच्याकडे असलं काही नाही हो. आम्ही जातपात मानतच नाही."

मी काचेपलीकडे बोट दाखवलं. बाहेर गाड्या लागल्या होत्या. कुणावर गणपती. कुणावर घोड्यावर बसलेले महाराज. एकीवर तर जातीचंच नाव, एवढ्या मोठ्या अक्षरांत.

"यातलं कुठलं काढलंत?"

"ते वेगळं, मॅडम."

"कसं वेगळं?"

उत्तर त्याच्याकडे होतं. ओठांवर आणता येत नव्हतं. "आम्ही नवीन लावून देतो ना," तो म्हणाला. "फ्रीमध्ये."

"नको. काल हे काय म्हणाले ते यांनी परत म्हणावं. माझ्याकडे बघून काय वाटलं ते."

सोफ्यावरचे एक काका पेपर खाली घेऊन म्हणाले, "अहो, एका स्टिकरवरून किती ताणताय? आमची कामं खोळंबलीत."

तेव्हा माझा आवाज फुटला. मला रडायचं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलंच. त्याची लाज वाटली, तरी बोलले. "काका, मी बौद्ध आहे. याच शहरात जन्मले. ती गाडी माझी आहे, ती काच माझी आहे, आणि त्यावरचं नावही माझंच होतं. ते मला शोभत नाही, हे यांनी ठरवलं."

काकांनी पेपर पुन्हा वर धरला.

अ‍ॅडव्हायझर खाली बघत म्हणाला, "सॉरी मॅडम. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर."

"'तर' काढा."

तो म्हणाला, "सॉरी." मनापासून नव्हतं. मॅनेजरकडे बघून म्हणाला.

मी बाहेर आले. गाडीत बसले. काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. आदल्या दिवशीचं उभं राहणं तसंच्या तसं आत होतं. अजून आहे.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "बाई गं, परत जाऊ नको तिथं." मैत्रीण म्हणाली, घरी येऊन सर्व्हिसिंग करणारे असतात, त्यांना बोलव. पप्पा म्हणाले, "दुसरीकडे टाक गाडी. कशाला डोक्याला ताप."

पप्पांना मी पहिल्यांदाच नाही म्हणाले.

आमच्या माणसांनी फार जागा सोडल्या. गाव सोडलं, विहीर सोडली, भाड्याची घरं सोडली. कुणी नाक मुरडलं की बोचकं उचलून पुढे. मी पुढे जाणार नाही. गाडी चालते तोवर तिथंच नेणार. त्याच काउंटरवर, त्याच माणसासमोर. त्यांना अवघड वाटलं तर त्यांनी जागा बदलावी.