पाण्याविना ड्राय

आमच्या भुईगावच्या घरी वाईन म्हणजे गोड. आई दर वर्षी द्राक्षं, साखर, पाणी, मूठभर गहू आणि यीस्ट बरणीत घालते, आणि लग्नाच्या वाढदिवसाला ती आणि बाबा एकेक पेला घेतात. गेल्या वर्षी वाढदिवसाआधीच बाबांना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड वाईन बंद केली, तशी आईनेही सोडली. एकटीने पिण्यात काय मजा, म्हणाली. मला ते फार लागलं.

त्यातच मी नाशिककडच्या एका मळ्यात वाईन चाखून आलो होतो, त्यामुळे शहाणपण अंगात शिरलेलं. बिनसाखरेची असेल तर एखादा पेला चालेल, एवढं डॉक्टरांकडून वदवून घेतलं आणि घरी जाहीर केलं की यंदा ड्राय व्हाईट: नाशिकची हिरवी द्राक्षं आणि आपल्या वाडीतल्या झाडाचे पाणीदार पांढरे जाम, निम्मे निम्मे. वर टेरवार म्हणजे काय तेही समजावलं. जमिनीचा, पाण्याचा, वाऱ्याचा गुण फळात उतरतो. आपली विहीर मचूळ, समुद्र हाकेवर, तेव्हा वाईनला खारट झाक येणारच. वाढदिवसाच्या तोंडावर तेरावं कशाला काढतोस, असं बाबांनी विचारलं.

फळं मी बरणीत कुस्करली. पुढचं सगळं आईकडे, कारण ढवळायचा लाकडी चमचा ती कुणाच्या हाती देत नाही. ड्राय करायचीय, एवढं मी चारदा बजावलं. तीन आठवड्यांनी गाळताना चमचाभर चाखली, तर गुलाबजामचा पाक. मी चमचा आईपुढे धरला.

"ड्राय बोललास ना? पानी एक थेंब नाय घातलं," ती अभिमानाने म्हणाली.

साखर मात्र घातली होती. पाणी नाही म्हणून थोडी जास्तच. मी आधी चिडलो, मग हसू आवरेना. ती बरणी शेजाऱ्यांनी आनंदाने संपवली. ड्राय म्हणजे गोडवा न उरलेली, हे ऐकून आईला माझी कीव आली. द्राक्षांचा हंगाम सरत आला होता. आगाशीच्या बाजारात उरलीसुरली मिळाली. या वेळी साखरेचा डबा मी कपाटात घातला आणि किल्ली खिशात ठेवली.

मे महिन्यात, वाढदिवसाच्या दुपारी, बाबांनी पहिला घोट घेतला. त्यांचं तोंड बघून टेरवारबद्दल बोलायचा मला धीर झाला नाही.

"आंबट हाय," ते म्हणाले आणि आईसाठी दुसरा पेला भरला. "तू पन घे."

आईनेही तसंच तोंड केलं. मग दोघं समोरासमोर बसून, एकमेकांची तोंडं बघून हसत, घोट घोट पीत राहिली. दोन वर्षांनी ती दोघं सोबत पीत होती. मी उगाच बरणीच्या फडक्याची घडी करत बसलो.

आईने पेला संपवून खाली ठेवला.

"वाईट झालीय," ती मला म्हणाली. "पुढल्या वर्षी जास्त कर."