हातावरचं दही

सुमन सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बागेत पेरूला पिशव्या लावत होते. कळसहून त्यांची सून बोलत होती. दुपारी जेवून आडव्या झाल्या, चहाला उठवायला गेले तर... ती रडायलाच लागली. रडू मलाही आलं, पण त्याआधी मनात काय आलं तेही सांगते. बरं झालं, त्रास झाला नाही. दुसऱ्यांच्या लेकरांची भूल उतरेपर्यंत उशाशी बसून राहिलेली ही बाई स्वतः मात्र कुणाला जागं न ठेवता गेली.

बारामतीत लहान मुलांच्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या. आमची ओळख झाली ती माझ्या लेकामुळं, शंभूमुळं. तो तेव्हा चार वर्षांचा होता. रडला की जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, निजला की जायची. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, आपोआप जाणार नाही, आतडं अडकलं तर धावपळ होईल, त्यापेक्षा आताच ऑपरेशन करून घ्या. सासरे, म्हणजे आबा, म्हणत होते की वाढेल तसं बसेल, कापाकापी कशाला. मी वरून त्यांच्याशी वाद घालायचे, पण आतून त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते. टाक्यांची भीती नव्हती हो, भुलीची होती. आपल्या हातानं लेकरू झोपवायला द्यायचं, आणि ते उठलंच नाही तर? हा प्रश्न मी नवऱ्यालासुद्धा विचारला नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आमच्या गावाहून, डाळजहून निघालो. पोट रिकामं ठेवायला सांगितलं होतं, म्हणून मी त्याला पाण्याचा घोटही दिला नव्हता. दवाखान्यात विचारलं तेव्हा तसं छातीठोकपणे सांगितलं आणि कागदावर सहीही केली. मग सुमन सिस्टर आल्या, शंभूपुढं उकिडव्या बसल्या आणि त्यालाच विचारलं, "घरातनं निघताना आईनं हातावर काय ठिवलं?"

"दही-साखर," शंभू म्हणाला. "दोनदा."

मोठ्या कामाला निघताना दही द्यायचं, हे हात आपोआप करतात. ते खाणं असतं असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यात पोर भुकेलं, आणखी मागितलं, मी आणखी दिलं... सिस्टर एका शब्दानं रागावल्या नाहीत. आत जाऊन सांगून आल्या आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळवर गेलं.

आबा लगेच उठले. शकुन चांगला नाही, पोरगं घरी न्यायचं, म्हणाले. आणि खरं सांगते, मी पिशवी भरायलाही घेतली. त्या दिवशी परत गेलो असतो तर मी पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. सिस्टरांनाही ते कळलं असावं. त्या खुर्ची ओढून आबांच्या समोर बसल्या.

"आबा, भुलीत उलटी झाली तर पोटातलं छातीत जातं. म्हणून थांबलोय. नुसतं उरकायचं असतं, तर मी इचारलंच नसतं."

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग मी कुणालाच न विचारलेला प्रश्न त्यांच्या तोंडून आला. "पोरगं उठंल का, बाई?"

"भूल देणारे डॉक्टर तो उठंस्तवर त्याच्याजवळनं हलत न्हाईत. मी बी हाय. भ्या वाटू द्या आबा, पर घरी न्हिऊ नगा."

काळजी करू नका, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, म्हणूनच मला त्यांचा विश्वास वाटला. मी पिशवी खाली ठेवली.

दुसऱ्या सकाळी शंभू त्यांच्या कडेवर बसून आत गेला. तास व्हायच्या आत दार उघडलं. तो पाण्यासाठी भोकाड पसरून रडत होता, आणि आबा टोपीनं डोळे पुसत मला सांगत होते, बघ कसा दणदणीत रडतोय. संध्याकाळी डॉक्टरांनी खायला परवानगी दिली, तेव्हा सिस्टर घरून स्टीलची एक छोटी वाटी घेऊन आल्या. काठावर त्यांचं नाव कोरलेलं, आत दही आणि वर साखर.

"आता द्या," म्हणाल्या.

ती वाटी परत करायची पंधरा वर्षं राहूनच गेली. भेटलो की दरवेळी त्या विचारायच्या, दरवेळी मी विसरायचे, आणि मग दोघी हसायचो. परवा त्यांच्या दहाव्याला शंभू एकटाच मोटारसायकलवरून कळसला गेला. वाटी मी घासूनपुसून त्याच्याजवळ दिली होती. सिस्टरांच्या सुनेनं ती हातात घेतली, बघितली आणि तुमच्याकडंच राहू दे, म्हणून तशीच परत पाठवली.

आमच्या घरात शंभूच्या ऑपरेशनपासून कुणी निघताना दही देत नाही, परत आल्यावर देतो. त्या दिवशी अंगणात गाडीचा आवाज आला, तशी मी उठले. शंभूनं हातपाय धुतले, वाटी माझ्यापुढं ठेवली आणि चार वर्षांचा असताना धरायचा तसा तळहात पुढं केला.

"आलो, आई."