अडुळशाचा काढा

इंग्रजी अमलात सालेकशाला मोहाच्या दारूचा ठेका माझ्याकडे होता. स्टेशनाजवळच्या वखारीत लाकडं उचलणारा एक माणूस रोज दिवेलागणीला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पळसाच्या पानांचा दोना हातात आला की तो आधी चार थेंब देवासाठी जमिनीवर सांडायचा, मग बरगडी दाबून धरत हळूहळू प्यायचा. खोकला त्याला वर्षानुवर्षांचा. ऐन उन्हाळ्यातही छातीतून शिट्टी वाजायची.

"पहिल्या धारेची घेत जा, कफ सुटतो," हे मीच त्याला सांगितलं होतं. त्याआधी तो सणावारालाच प्यायचा. रोजची झाली, तसा तो वखारीतून दुकानापर्यंत येतानाही वाटेत दम खायला टेकू लागला.

एका हिवाळ्यात मलाही खोकला झाला. फळीवर पेला ठेवून बसलो होतो.

"काय पेऊन राहिले, सेठ?"

"अडुळशाचा काढा," मी बोलून गेलो.

तो हसला, हसता हसता खोकला. "मंग मले काऊन दारू सांगतली?"

मी त्याचा दोना भरून पुढे केला. त्याने चार थेंब सांडले, आणि मग सगळा दोनाच जमिनीवर ओतला. "घेऊ दे देवालेच सारी. त्याले दम नाही लागत."

तो पुन्हा आला नाही. वखारीतही दिसेना. मी चौकशी केली नाही.

एवढं मात्र आज लिहून टाकतो. त्या हिवाळ्यात नंतरही कोणी खोकत आलं, की मी काढ्याचा पेला आधी फळीखाली सरकवायचो आणि मग म्हणायचो, "पहिल्या धारेची घे."